वृत्तपत्रीय पक्षपात आणि त्याचे अध्यापन

इ. स. १९२० च्या ऑगस्ट महिन्याच्या चौथ्या तारखेस न्यूयॉर्क येथील ‘न्यू रिपब्लिक’ ह्या साप्ताहिकाने आपल्या अंकास जोडून बेचाळीस पृष्ठांची एक पुरवणी प्रसिद्ध केली. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ हे तिचे लेखक होत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ ह्या त्या काळीही प्रतिष्ठित गणल्या जाणाऱ्या दैनिकाने मार्च १९१७ पासून मार्च १९२० पर्यंतच्या तीन वर्षांत रशियातील क्रांतीविषयी ज्या बातम्या छापल्या, त्यांची तपासणी हा पुरवणीचा विषय होता. त्यासाठी हजाराहून अधिक अंक वाचण्यात आले. वृत्तपत्रांतील पक्षपात विद्यार्थ्यांस कसा शिकवावा, ह्या प्रश्नाचा इतिहास ह्या पुरवणीपासून आरंभणे सोयीचे आहे. कारण पुढील शतकात ह्या विषयाच्या अध्यापनात ज्या पद्धती आल्या आणि गेल्या, त्यांच्या गुणदोषांची कसोटी नकळत ह्या दोघांनीच घालून दिली होती.

रशियाविषयीचे सत्य कोणते, हा वाद त्यांनी हाती घेतलाच नाही. त्या सत्याविषयी अमेरिकेत दोन माणसांचे एकमत होणे १९२० साली अशक्य होते. त्यांनी केवळ अशा घटना निवडल्या की ज्या घडल्या किंवा घडल्या नाहीत, ह्याविषयी कोणत्याही पक्षाचा माणूस हुज्जत घालणार नाही. जुलै १९१७ मधील रशियन सैन्याची चढाई फसली. नोव्हेंबरात बोल्शेव्हिकांनी सत्ता घेतली व ती टिकविली. मार्च १९१८ मध्ये रशियाने जर्मनीशी स्वतंत्र तह केला. कोल्चाक, देनिकिन व युदेनिच ह्या सेनानींच्या मोहिमा अखेर अपयशी ठरल्या. ह्या घटनांच्या शेजारी त्या त्या दिवसांच्या बातम्या ठेवल्या म्हणजे वाचकाला मिळालेले चित्र वस्तुस्थितीपासून किती दूर होते, हे मोजता येते. नोव्हेंबर १९१७ ते नोव्हेंबर १९१९ ह्या दोन वर्षांत सोव्हिएट राजवट कोसळण्याच्या बेतात आहे किंवा कोसळली आहे, असे त्या दैनिकाने एकूण ९१ वेळा छापले होते. लेनिन व ट्रॉट्स्की पळून जाण्याच्या तयारीत असल्याचे चार वेळा आणि ते पळून गेल्याचे तीन वेळा छापले गेले. एकदा लेनिनचा वध झाला होता. तीन वेळा तो तुरुंगात पडला होता.

ही आकडेवारी मनोरंजक आहे, आणि म्हणूनच ती पुढे वारंवार उद्धृत होत राहिली. परंतु पुरवणीचे खरे महत्त्व तिच्या निष्कर्षात आहे. लेखकद्वयाला कोठेही कट आढळला नाही, की कोणी पैसे चारल्याचा पुरावा सापडला नाही. बातमीदारांच्या आणि संपादकांच्या मनातील आशा व भीती ह्यांनीच प्रचारकाचे व नियंत्रकाचे काम केले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रशियाने युद्धात टिकून राहावे अशी ज्यांची उत्कट इच्छा होती, त्यांना ते टिकेल अशीच चिन्हे दिसत राहिली. म्हणजे पक्षपात करणारा मनुष्य बहुधा प्रामाणिक असतो. ज्या शिक्षकाला हा विषय शिकवावयाचा आहे, त्याच्यापुढे येथे मोठीच अडचण उभी राहते. खोटे बोलणाऱ्यास ओळखण्याच्या खुणा सांगता येतील. प्रामाणिक माणसाच्या चुकीच्या खुणा कोणत्या सांगाव्या? आणि ज्याला त्या सांगावयाच्या तो विद्यार्थीही प्रामाणिकच असतो व त्याच्याही मनात आशा आणि भीती असतात. (ह्या दोघांपैकी मर्झ १९३८ साली त्याच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या अग्रलेखांच्या पृष्ठाचे संपादक झाले आणि १९६१ पर्यंत त्या पदावर राहिले. वृत्तपत्राच्या औदार्याचा हा दाखला म्हणावा की काळाच्या विस्मरणशीलतेचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

पुरवणी शाळांसाठी लिहिलेली नव्हती. हा विषय वर्गात येण्यास दुसरी एक घटना कारणीभूत झाली, ती म्हणजे शासनाचा वर्गातील प्रवेश. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरताच राष्ट्राध्यक्ष विल्सन ह्यांनी जॉर्ज क्रील ह्यांच्या आधिपत्याखाली लोकमाहिती समिती स्थापन केली. भित्तिपत्रके, चित्रपट, चार मिनिटांची भाषणे देत फिरणारे स्वयंसेवक, अशी तिची अनेक अंगे होती. १९१८ मध्ये शाळांतील शिक्षकांकरिता तिने एक नियतकालिकही काढले. युद्ध संपल्यावर, ज्या कथा आपण वर्गात सांगितल्या त्यांपैकी कित्येकांना आधार नव्हता, असे शिक्षकांच्या लक्षात येऊ लागले. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘प्रचार’ ह्या शब्दाला जो कडवटपणा आला, त्याच्या मुळाशी ही फसवणूक होती.

ह्या कडवटपणाचा एक वाटेकरी क्लाइड मिलर हा होय. युद्धकाळात तो क्लीव्हलंड येथील ‘प्लेन डीलर’ ह्या दैनिकाचा बातमीदार होता. समाजवादी पुढारी यूजीन डेब्स ह्यांनी १६ जून १९१८ रोजी ओहायो राज्यातील कँटन येथे युद्धविरोधी भाषण केले, तेव्हा मिलर श्रोत्यांत होता. पुढे डेब्स ह्यांच्यावर हेरगिरीविरोधी कायद्याखाली खटला झाला; त्यात मिलरने सरकारपक्षातर्फे साक्ष दिली. डेब्स ह्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली व १९२१ च्या नाताळात राष्ट्राध्यक्ष हार्डिंग ह्यांनी त्यांची मुक्तता करीपर्यंत ते तुरुंगात राहिले. काळाच्या ओघात मिलरचे मत पालटले. आपण ज्याला निव्वळ देशप्रेम समजत होतो तो युद्धप्रचाराचा परिणाम होता, अशी त्याची खात्री झाली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात अध्यापक झाल्यावर प्रचाराचे विश्लेषण हा त्याच्या अध्यापनाचा विषय बनला.

बोस्टन येथील व्यापारी एडवर्ड फायलीन ह्यांनी दिलेल्या दहा हजार डॉलरांच्या देणगीवर १९३७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे प्रचार-विश्लेषण संस्था सुरू झाली. प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल हे तिचे पहिले अध्यक्ष. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड आणि समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड ह्यांच्यासारखी मंडळी तिच्या सल्लागारांत होती. संस्था दरमहा एक छोटी पत्रिका काढी. तिच्या नोव्हेंबर १९३७ च्या अंकात मिलरने प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी दिली. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत, बहुधा मूळ लेखकाच्या नावाशिवाय, जी यादी आढळते ती हीच होय. प्रतिपक्षास वाईट नाव चिकटविणे, ही पहिली युक्ती. ‘स्वातंत्र्य’, ‘प्रगती’ असले गोंडस पण पोकळ शब्द वापरणे, ही दुसरी. धर्म वा राष्ट्र ह्यांच्या प्रतिष्ठेची उसनवारी करणे, थोरामोठ्यांची ग्वाही देणे, ‘मी तुमच्यातलाच एक साधा माणूस’ असा आव आणणे, आपल्याला सोयीची तेवढीच पाने दिसावीत असे पत्ते लावून ठेवणे, आणि शेवटी ‘सारे जग चालले, तुम्ही मागे का?’ असे म्हणून वाजंत्र्यांच्या गाड्यामागे ओढणे, ह्या उरलेल्या पाच.

यादी सुटसुटीत होती. ती वर्गात चटकन पसरली. १९३९ साली आल्फ्रेड मॅक्लंग ली व एलिझाबेथ ब्रायंट ली ह्या दांपत्याने मिशिगनमधील नभोवाणी-प्रवचनकार फादर कॉफलिन ह्यांच्या भाषणांचे पुस्तकरूपाने विश्लेषण केले. त्यात भाषणाच्या मूळ मजकुरातच प्रत्येक युक्तीच्या जागी एक छोटे चित्र छापले होते : गोंडस शब्दाला रत्न, उसनवारीला मुखवटा, साधेपणाच्या सोंगाला जुना जोडा, लावलेल्या पत्त्यांना इस्पिकचा एक्का. विद्यार्थ्याला ही चित्रे मोहविणारी होती ह्यात शंका नाही. आपणही अशी चिन्हे मजकुरावर काढावीत, ही इच्छा पुस्तक वाचताच होते.

परंतु दोष नेमका ह्या सुटसुटीतपणात होता. लिपमन-मर्झ ह्यांच्या तपासणीत मजकुराच्या शेजारी घडलेली घटना होती. सात युक्त्यांच्या पद्धतीत विद्यार्थ्याच्या हाती एकच मजकूर असे आणि त्यातील काही शब्दांवर त्याला चिन्हे काढावयाची असत. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द कॉफलिनच्या भाषणात आला तर तो गोंडस शब्द. तोच शब्द स्वतःला प्रिय असलेल्या पुढाऱ्याच्या भाषणात आला तर? प्रामाणिकपणे पाहता तेथेही रत्न काढावयास हवे. सर्वत्र रत्ने काढू लागला तो विद्यार्थी काही दिवसांतच ‘सारेच प्रचार करतात’ ह्या मतावर येऊन ठेपे. जो केवळ विरुद्ध पक्षाच्या मजकुरावर रत्ने काढी, त्याचा पूर्वग्रह ह्या विद्येने अधिकच पक्का होई. त्या काळातील टीकाकारांना हे दिसले होते. ब्रूस लॅनेस स्मिथ ह्यांनी १९४१ साली लोकमताच्या अभ्यासास वाहिलेल्या एका नियतकालिकात, अशा विश्लेषणाने लोकशाहीला पोषक अशी श्रद्धा निर्माण होण्याऐवजी केवळ संशय वाढतो, अशा अर्थाचा आक्षेप घेतला. आक्षेप काहीसा कठोर असला तरी निराधार नव्हता.

संस्थेच्या चालकांना ह्याची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. मिलरने सात युक्त्यांच्या जोडीला इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या सात अक्षरांच्या क्रमाने सात सूचनाही दिल्या होत्या. मजकूर वाचताना स्वतःच्या मनावर होणारी प्रतिक्रिया न्याहाळावी, आणि आपली मते खरोखर आपली स्वतःची आहेत काय ह्याविषयी शंका घ्यावी, अशा अर्थाच्या दोन सूचना तीत होत्या. व्हायोलेट एडवर्ड्स ह्यांनी १९३८ साली अभ्यासमंडळांच्या चालकांसाठी मार्गदर्शिका लिहिली, तीही ह्याच दिशेची होती. परंतु शाळांनी सात युक्त्या उचलल्या आणि सात सूचना मागे ठेवल्या. ह्याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. युक्त्यांवर परीक्षेत प्रश्न घालता येतो व त्याला गुण देता येतात. ‘माझे मत माझे आहे काय?’ ह्या प्रश्नाच्या उत्तराला दहांपैकी किती गुण द्यावेत, हे कोणत्याही परीक्षकास सांगता आलेले नाही.

संस्था अखेर बंद पडली ती ह्या शास्त्रीय दोषामुळे नव्हे. नाझी जर्मनीचा प्रचार, कम्युनिस्टांचा प्रचार, साखळी दुकानांच्या जाहिराती, ह्यांवर पत्रिका लिहीत होती तोवर तिचे स्वागत झाले. युरोपात युद्ध पेटल्यावर ती ब्रिटिश प्रचाराचेही त्याच मापाने मोजमाप करू लागली आणि अमेरिकन शासनाच्या बदलत्या धोरणाकडेही तिची दृष्टी वळली, तेव्हा तिचे मित्र अस्वस्थ झाले. १९४१ च्या आरंभी, देशविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या मार्टिन डाइस ह्यांच्या समितीचे लक्ष संस्थेकडे वळल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी आर्थिक साहाय्यही आटले. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आधीच प्रकाशन स्थगित करण्याचे ठरले होते. जानेवारी १९४२ मध्ये निरोपाचा अंक निघाला. बऱ्या व वाईट अशा दोन्ही प्रचारांचे निर्विकार विश्लेषण युद्धकाळी गैरसमजास पात्र होते, असे कारण त्यात दिले आहे. ते खरेच होते. एका महायुद्धातील फसवणुकीच्या जाणिवेतून जन्मलेली ही विद्या दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर थांबली.

इंग्लंडमध्ये ह्याच सुमारास हा विषय भाषाशिक्षकांच्या हाती होता. एफ. आर. लीव्हिस व डेनिस टॉम्प्सन ह्यांचे शाळांसाठी लिहिलेले पुस्तक १९३३ साली आणि टॉम्प्सन ह्यांचे वृत्तपत्र-वाचनावरील पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. जाहिराती व वृत्तपत्रीय उतारे वर्गात वाचण्याचा परिपाठ त्यांनी पाडला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यांचा सारा रोख अभिरुचीकडे होता. हलके वृत्तपत्र वाचणे हे त्यांच्या लेखी हलके साहित्य वाचण्यासारखे पाप होते. चांगल्या, संयत भाषेत लिहिलेला पक्षपात त्यांच्या जाळ्यातून सहज निसटे.

नेमका हा संयत भाषेतील पक्षपात पकडण्याचे काम पुढे भाषाशास्त्राने केले. नॉरिच येथील ईस्ट अँग्लिया विद्यापीठात रॉजर फाउलर, रॉबर्ट हॉज, गुंथर क्रेस व टोनी ट्र्यू ह्यांनी मिळून १९७९ साली भाषा व नियंत्रण ह्या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील ट्र्यू ह्यांचे एक उदाहरण पुढे अध्यापनात प्रसिद्ध झाले, आणि ते येथे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. १ जून १९७५ रोजी ऱ्होडेशियाची राजधानी सॅलिसबरी, म्हणजे आजचे हरारे, हिच्या हायफील्ड वस्तीत पोलिसांनी आफ्रिकन जमावावर गोळ्या झाडल्या; पहिल्या बातम्यांनुसार अकरा माणसे मेली व पंधरा जखमी झाली. दुसऱ्या दिवशी लंडनच्या ‘गार्डियन’च्या मथळ्यात पोलीस हे कर्तृपदी होते : पोलिसांनी दंगलीत अकरा जणांना गोळ्या घालून मारले. ‘टाइम्स’च्या मथळ्यात दंगल करणारे काळे लोक आरंभी आले, ते मारले गेले हे नंतर आले, आणि पोलीस हे कर्मणि वाक्यातील ‘कडून’च्या जागी गेले. दोन्ही मथळ्यांत एकही विधान खोटे नाही. ‘टाइम्स’ने पोलिसांचा उल्लेखही टाळलेला नाही. सात युक्त्यांची यादी घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला ह्या मथळ्यात फार तर ‘दंगलखोर’ ह्या विशेषणापाशी एक चिन्ह काढता आले असते.

ट्र्यू तेथे थांबले नाहीत. त्यांनी पुढील दिवसांचे अंकही पाहिले. गोळ्या झाडणारे पोलीस ‘टाइम्स’च्या वाक्यांतून क्रमाक्रमाने मावळत जातात. प्रथम कर्मणि रचनेतील कर्ता गळतो आणि लोक नुसते मारले जातात. मग क्रियापदच नाम बनते, आणि उरते ती दंगल व दुःखद प्राणहानी. प्राणहानीला कर्ता लागत नाही. ती पावसासारखी होते. आता दंगल व प्राणहानी ही दोनच पदे शेजारी शेजारी उरल्यामुळे वाचकाच्या मनात दंगल हेच प्राणहानीचे कारण ठरते. हे सर्व एका वाक्याकडे कितीही बारकाईने पाहिले तरी दिसत नाही. दोन वृत्तपत्रे, किंवा एकाच वृत्तपत्राचे दोन दिवस, शेजारी ठेवावे लागतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ह्यात नवल वाटू नये. ‘प’ आणि ‘फ’ हे मराठीतील दोन भिन्न वर्ण आहेत हे केवळ ‘पळ’ हा शब्द पुनःपुन्हा ऐकून सिद्ध होत नाही. त्याच्याशेजारी ‘फळ’ उच्चारावा लागतो. अर्थ भेदात असतो, आणि भेद दिसण्यास दोन वस्तू लागतात.

ही पद्धत मराठीच्या वर्गात आणावयाची तर एक सावधगिरी अवश्य आहे. इंग्रजीतील कर्तरि-कर्मणि भेदाचा नियम मराठीस जसाच्या तसा लावता येत नाही. इंग्रजीवरील विवेचने वाचून ‘कर्मणि प्रयोग म्हणजे लपवाछपवी’ असे समीकरण विद्यार्थ्यांस शिकविले, तर त्याचा पहिला बळी मराठी व्याकरणच ठरेल. ‘पोलिसांनी माणसे मारली’ हा आपल्या परंपरागत व्याकरणाप्रमाणे कर्मणि प्रयोग आहे आणि ‘पोलिसांनी माणसांना मारले’ हा भावे प्रयोग. मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ च्या व्याकरणापासून शाळकरी पुस्तकांपर्यंत हीच व्यवस्था चालत आली आहे. ह्या दोन्ही वाक्यांत पोलीस तृतीयेत असूनही अग्रस्थानी उभे आहेत; त्यांना कोणी लपविलेले नाही. भूतकाळातील सकर्मक क्रियापदांची मराठीतील रचनाच तशी आहे.

मराठीत कर्ता गळतो तो दुसऱ्या वाटांनी. ‘करण्यात येणे’ ही त्यांतील सर्वांत रुळलेली वाट : ‘लाठीमार करण्यात आला’, ‘जमाव पांगविण्यात आला’, ‘झोपड्या हटविण्यात आल्या’. सरकारी पत्रव्यवहारातून ही रचना वृत्तपत्रात आली की वृत्तपत्रातून सरकारी कागदात गेली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. ‘मारले’च्या जागी ‘मारले गेले’, त्याच्या जागी ‘ठार झाले’, आणि त्याहून सौम्य ‘मृत्युमुखी पडले’ ही दुसरी वाट. तिसरी वाट मथळ्यांची. ‘गोळीबारात अकरा ठार’ ह्या मथळ्यात क्रियापदच नाही, त्यामुळे कर्ता विचारण्याची सोय उरत नाही; त्याऐवजी सप्तमी आहे. जणू गोळीबार ही एक जागा होती आणि ती माणसे तेथे सापडली. तथापि येथेही यादी करून थांबणे धोक्याचे. मथळ्याला जागा थोडी असते, आणि चार शब्दांत बातमी बसविणाऱ्या उपसंपादकाच्या मनात पोलिसांविषयी प्रेमच असते असे नाही. त्याच दैनिकात जमावाने केलेल्या दगडफेकीचा मथळा कसा आहे, ‘जमावाची दगडफेक’ की ‘दगडफेकीत तीन पोलीस जखमी’, हे पाहिल्यावाचून सप्तमीवर आरोप ठेवता येत नाही.

अशी तुलना वर्गात नेण्याचा एक चांगला प्रयत्न दक्षिण आफ्रिकेत झाला. जोहान्सबर्ग येथील विटवॉटरस्रँड विद्यापीठातील हिलरी जँक्स ह्यांनी १९९३ साली, वर्णभेदी राजवट संपण्याच्या अगदी आदल्या वर्षी, माध्यमिक शाळांसाठी भाषेच्या चिकित्सक जाणिवेच्या पुस्तिकांची माला प्रसिद्ध केली. लेखकाने कोणता शब्द वापरला हे विचारण्यापूर्वी, कोणते शब्द त्याला उपलब्ध होते व त्याने नाकारले, हे विद्यार्थ्याने विचारावे, असा तिचा पवित्रा आहे. दुसरे वृत्तपत्र हाती नसेल तर ते मनात रचावयाचे, असा ह्याचा अर्थ. भिन्न वर्णांच्या घरी भिन्न शब्द चालत असलेल्या त्या देशात हे विद्यार्थ्यांना अवघड गेले नसावे.

तुलनेचे हे तत्त्व अगदी अलीकडे प्रयोगानेही पुढे आले आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग व सारा मॅक्ग्रू ह्यांनी पंचेचाळीस वाचकांना इंटरनेटवरील काही मजकूर पारखावयास दिला. त्यांत दहा इतिहासाचे पंडित, दहा बातम्यांची शहानिशा करणारे व्यावसायिक आणि पंचवीस विद्यार्थी होते. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे त्यांत होती : एक १९३० साली स्थापन झालेली, हजारो सदस्यांची, दुसरी तिच्यातून २००२ मध्ये फुटून निघालेली, लहानशी, विशिष्ट मतांची, पण नावाने आणि रूपाने पहिलीसारखी. पंडित व विद्यार्थी मजकूर काळजीपूर्वक वाचीत बसले आणि त्यांतील बरेच फसले. शहानिशा करणाऱ्यांनी मजकूर जवळजवळ वाचलाच नाही. क्षणार्धात ते त्या पानावरून उठून, ह्या संघटनेविषयी इतर काय म्हणतात ते पाहावयास गेले व थोडक्या वेळात योग्य निर्णयास आले. आयुष्यभर दस्तऐवज वाचलेल्या इतिहासकारांना हे काहीसे लाजविणारे आहे. हा निबंध २०१९ साली ‘टीचर्स कॉलेज रेकॉर्ड’मध्ये, म्हणजे मिलर ज्या महाविद्यालयात शिकवीत असे त्याच महाविद्यालयाच्या नियतकालिकात, प्रसिद्ध झाला.

तुलनेलाही एक मर्यादा आहे, आणि ती भारतीय वाचकाला परक्या देशातून शिकावयाची नाही. शेजारी ठेवलेले दोन मजकूर परस्परांपासून स्वतंत्र असावे लागतात. मराठी दैनिकांतील देशविदेशच्या बातम्यांचा मोठा भाग दीर्घकाळ वृत्तसंस्थांच्या इंग्रजी तारांवरून भाषांतरित होत आला. १९४९ पासून प्रेस ट्रस्टच्या, १९६१ पासून यूएनआयच्याही तारा येत. एकाच तारेची पाच दैनिकांतील पाच भाषांतरे शेजारी ठेवणे हा वर्गासाठी उत्तम पाठ होऊ शकतो. मूळ एकच असल्यामुळे जो फरक दिसेल तो संपादकीय मेजावरचा, हे निश्चित असते. परंतु तारेतच जे आले नाही, ते पाचही भाषांतरांत येणार नाही. सॅलिसबरीच्या गोळीबारानंतर चोवीस दिवसांनी, २५ जून १९७५ रोजी, भारतात आणीबाणी जाहीर झाली व वृत्तनियंत्रण आले. १९७६ च्या आरंभी प्रेस ट्रस्ट, यूएनआय, हिंदुस्थान समाचार व समाचार भारती ह्या चार संस्था विलीन होऊन ‘समाचार’ ही एकच वृत्तसंस्था उरली. १९७८ मध्ये तिचे पुन्हा विभाजन होईपर्यंत, कोणी शिक्षकाने दहा दैनिके वर्गात आणली असती तरी दिल्लीच्या बहुतेक बातम्यांपुरते ते एकच दैनिक ठरले असते.

अशा काळाच्या अंकांना लिपमन-मर्झ ह्यांचीच कसोटी लावावी लागते : घटना निर्विवादपणे ठाऊक होईपर्यंत थांबावयाचे, आणि मग जुने अंक काढावयाचे. त्या कसोटीचे साहित्य आता सिद्ध आहे. प्रसारसाधनांच्या दुरुपयोगावरील सरकारी श्वेतपत्रिका १९७७ मध्ये निघाली. न्यायमूर्ती शहा आयोगाचे अहवाल १९७८ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाले. त्यांत तारखा आहेत, स्थळे आहेत, साक्षी आहेत. दिल्लीच्या तुर्कमान गेट येथे १९ एप्रिल १९७६ रोजी घरे पाडताना गोळीबार झाला, त्याची हकीकतही त्यांत आहे. त्या आठवड्यातील मराठी दैनिकांच्या फायली ग्रंथालयांत पाहावयाच्या, त्या घटनेविषयी एखादे वाक्य आढळल्यास त्यातील क्रियापद कोणते व त्याचा कर्ता कोण हे लिहून काढावयाचे, वाक्यच नसेल तर त्या जागी कोणती बातमी छापली आहे ते टिपावयाचे. पदव्युत्तर वर्गातील दोघा-तिघा विद्यार्थ्यांना एका सत्रात हे काम सहज पुरे करता येईल.